सहा पौंड हवा

टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड हवा भरणाऱ्याला सहा पौंड म्हणजे काहीच नाही. नाशिकच्या वडाळा-पाथर्डी रस्त्यावर माझ्या गॅरेजला लागून पंक्चरचं दुकान आहे. तिथल्या पोराला मी सांगितलं, एका इंजिनात सहा पौंड हवा जास्तीची घालायची आहे. तो म्हणाला, "काका, बस एवढीच?" एवढीच. तिच्यापायी माझं जवळजवळ एक वर्ष गेलं, आणि त्या वर्षातला एकही दिवस मला वाया गेलासा वाटत नाही.

गाडी होती फियाट पालिओ, १.६ जीटीएक्स, २००२ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. सचिन तेंडुलकर पालिओच्या जाहिरातीत असायचा तो हा काळ. त्याच्या नावाने एस१० अशी खास आवृत्तीही निघाली होती. बुटकी, दोन माणसांची, जमिनीला चिकटून पळणारी स्पोर्ट्स कार तेव्हा आपल्याकडे होती कुणाकडे? गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची उघड्या टपाची छोटी गाडी बनली, फायबरचं अंग आणि रेनोचं ६० अश्वशक्तीचं इंजिन. पण ती फार थोड्यांच्या दारात आली. आमची स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. दिसायला घरगुती, आणि बॉनेटखाली १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, १०० अश्वशक्ती.

गाडी एका निवृत्त प्राध्यापिकेची. भौतिकशास्त्र शिकवायच्या. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी ती भाच्याला दिली. भाचा दिंडोरीकडचा, द्राक्षबागायतदाराच्या घरातला, ऑटोक्रॉसचं वेड असलेला. नाशिकला हे वेड नवं नाही. रॅली ऑफ महाराष्ट्रने या शहरातल्या कितीतरी पोरांना मातीत गाडी घालायला शिकवलं. २०२२च्या पावसाळ्यात तो आत्याला शेजारी बसवूनच माझ्याकडे आला.

"काका, हिला टर्बो लावायचाय."

मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "लावा. पण मला वाटलं तर ही गाडी जशी होती तशी परत करता आली पाहिजे. कुठे कापाकापी करणार असाल तर आधी सांगा."

ही अट मला त्या दिवशी अडचणीची वाटली. पुढे सगळं काम तिच्याच बळावर उभं राहिलं.

मी दोन गोष्टी तिथल्या तिथे सांगितल्या. पहिली, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत असा फेरफार करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणजे ही पालिओ इंदिरानगरच्या बोगद्यातून पुन्हा स्वतःच्या चाकांवर जाणार नाही. ती टेम्पोवर चढेल आणि खासगी जागेत किंवा शर्यतीच्या मैदानात उतरेल. दुसरी, दाब सहा पौंडांच्या वर जाणार नाही. भाच्याचा चेहरा पडला. त्याने कुठे कुठे पंधरा-वीस पौंडांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. मी म्हटलं, ज्या इंजिनाची घडण टर्बोसाठी झालेली नाही, त्याचं कॉम्प्रेशन दहाच्या आसपास असतं. टर्बोसाठी घडवलेल्या इंजिनात ते खाली ठेवतात, पिस्टन जाड घेतात, पिस्टनवर खालून तेलाचा फवारा देतात. यातलं काहीच आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहे ती त्या इंजिनिअरने हाताशी राखून ठेवलेली थोडी ताकद. ती त्याने आपल्यासाठी नाही, वाईट पेट्रोल, उन्हाळा, चुकलेली सर्व्हिस यांच्यासाठी ठेवलेली असते. आपण तिच्यातून उसनं घेणार. तेव्हा बेताने घ्यायचं.

सहा पौंडांचा हिशोब आत्याबाईंनी माझ्या वहीत मांडून दिला. कुर्ला समुद्रसपाटीला, तिथे हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड. नाशिक सुमारे सहाशे मीटर उंचीवर. इथे तो पावणेचौदाच्या घरात. म्हणजे कुर्ल्यात शंभर अश्वशक्तीची असलेली ही गाडी कसाऱ्याचा घाट चढून आली की त्र्याण्णव-चौऱ्याण्णवाचीच उरते. "तुमच्या सहातला पहिला पौंड घाटाची भरपाई करण्यात जाईल," बाई म्हणाल्या. राहिलेले पाच खरी वाढ. सगळं नीट जमलं तर सव्वाशेच्या आसपास. पेट्रोलच्या गाड्यांसाठी बेताच्या दाबाचा हा विचार जुना आहे. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरने धुराच्या जोरावर हवा दाबणाऱ्या टर्बोचं पेटंट १९०५ साली घेतलं, पण रोजच्या वापराच्या मोटारीत छोटा टर्बो, मर्यादित दाब आणि खालच्या फेऱ्यांपासून मिळणारं बळ हे सूत्र रुजवलं स्वीडनच्या साबने, १९७८च्या ९९ टर्बोपासून. आपल्याकडे फियाटनेच २०१०मध्ये रांजणगावला बनलेली लिनिया टी-जेट आणली, तेव्हा मी ती पहिल्यांदा चालवून आल्यावर रात्री झोपलो नव्हतो. १.४ लिटरचं इंजिन, आणि ओढ मोठ्या इंजिनाची.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं. गॅरेज काढण्याआधी मी सातपूरला डिझेल नोझलच्या टेस्ट बेंचवर बावीस वर्षं काढली, मग व्हीआरएस घेतली. नाशिकमध्ये इंजेक्शन हा शब्द दवाखान्याइतकाच कारखान्यातला आहे, आणि तो मायको या कंपनीमुळे. २००८मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण चौकाला लोक अजून मायको सर्कलच म्हणतात. नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. केसाच्या जाडीचा पंचविसावा भाग म्हणा. अशा फटींशी आयुष्य काढलेल्या माणसाला 'अंदाजे' हा शब्द सोसत नाही.

म्हणून मी टर्बोला हात लावायच्या आधी चारही इंजेक्टर काढले. स्वच्छ केले, बेंचवर लावले, प्रत्येकाखाली काचेची नळी ठेवली आणि एक मिनिट उघडे धरले. १६९, १७१, १७० आणि तिसऱ्याचे १५७ मिली. गाडी उत्तम चालत होती. कुणाला काही कळलं नसतं. साध्या इंजिनात तिसरा सिलिंडर थोडा कमी पेट्रोलवर आयुष्य काढून गेला असता. पण हवा वाढली की तोच सिलिंडर पहिला जळतो. जास्त हवा, कमी पेट्रोल, तापलेला पिस्टन. गाडीला टर्बो लावून इंजिन फोडलेल्या कित्येकांना आपलं इंजिन नेमकं कशाने गेलं हे कळतच नाही, कारण त्यांनी चार नळ्यांतली पातळी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेली नसते. आम्ही तीस टक्के मोठे इंजेक्टर आणले आणि आठांतून एकमेकांशी जुळणारे चार निवडले.

टर्बो कुठला, यावर भाच्याशी माझा वाद झाला. तो भंगारातून डिझेल हॅचबॅकचा टर्बो घेऊन आला. स्वस्त, छोटा, दिसायला टवटवीत. मी नको म्हटलं. डिझेलचा धूर आठशे अंशांच्या आत असतो. पेट्रोलचा जोरात असताना नऊशेच्या वर जातो. डिझेलसाठी ओतलेलं घर आणि चाक त्या उष्णतेत फार दिवस टिकत नाही, आणि मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेणारं चाक जेव्हा साथ सोडतं तेव्हा तुकडे कुठे जातील सांगता येत नाही. शेवटी आम्ही मुंबई गाठली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन दिवस फिरलो आणि पेट्रोल इंजिनासाठीच घडवलेला छोट्या मापाचा जपानी टर्बो मिळवला. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली तिथूनच तिचा टर्बो आला, याचं मला उगाचच समाधान आहे.

इंजिनातला धूर टर्बोकडे नेणारा मॅनिफोल्ड नव्याने बांधावा लागला. अंबडच्या एमआयडीसीत आर्गन वेल्डिंग करणारे एक चाचा आहेत; दुधाच्या टाक्या जोडतात. जाड भिंतीचे स्टेनलेस एल्बो आणि बारा मिलीची पट्टी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझी पट्टी आधी एका जाडजूड लोखंडी ठोकळ्याला बोल्टने आवळली, मग वेल्डिंगला बसले. थोडं जोडायचं, थांबायचं, दुसऱ्या टोकाला जायचं. "लोखंड तापलं की त्याला हलायला जागा लागते. आपण जागा दिली नाही तर ते स्वतः करून घेतं," ते म्हणाले. एवढं करूनही पट्टी पाव मिली वाकली. मिलिंगवर फेसिंग करून सरळ केली. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लटकू नये म्हणून खालून एक आधारही दिला. चाचांच्या वेल्डला आजवर तडा नाही.

मग तेल. या कामात मी सर्वांत जास्त चुकलो तो इथे.

टर्बोचा दांडा बेअरिंगमध्ये तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. तेल इंजिनच्या दाबाने आत येतं, पण बाहेर पडताना त्याच्यामागे दाब उरत नाही. ते फेसाळलेलं असतं आणि केवळ आपल्या वजनाने खाली उतरतं. म्हणून परतीचा पाइप रुंद हवा, सरळ उतरता हवा, आणि ऑइल चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवा. हे मला माहीत होतं. पण चेंबरला भोक पाडायचं माझ्या जिवावर आलं, कारण आत्याबाईंना शब्द दिला होता. मी पाइप फिरवून आधीच असलेल्या एका जागेत नेला. वाटेत वीतभर लांबीचा भाग जवळजवळ आडवा राहिला.

गाडी सुरू केली. पाच मिनिटं छान. मग सायलेन्सरमधून निळा धूर. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. ज्याला त्याला एकच निदान ठाऊक होतं: टर्बोचं सील गेलं, फसवलं तुम्हाला. मलाही रात्रभर तसंच वाटत राहिलं. सकाळी टर्बो उतरवला, दांडा हलवून पाहिला. खेळ नाही, सील शाबूत. टर्बोचं सील म्हणजे रबराचा वायसर नव्हे, पिस्टन रिंगसारखी बारीक कडी असते ती. मागे तेल तुंबलं की ती त्याला अडवू शकत नाही. तेलाला जायला वाट नव्हती, म्हणून ते सायलेन्सरमध्ये गेलं. दोष माझ्या आडव्या पाइपचा होता.

मी आत्याबाईंना फोन करून सांगितलं, भोक पाडावं लागेल. त्या गॅरेजमध्ये आल्या, खुर्ची ओढून गाडीसमोर बसल्या आणि पाइप पाहिला. "द्रव उताराने जातो हे अकरावीच्या मुलाला मी शिकवायचे," म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण भोक याच चेंबरला कशाला? दुसरं चेंबर मिळत नाही का?"

हे मला सुचलं नव्हतं. पुण्याच्या भंगारातून अपघातातल्या पालिओचं चेंबर आलं. त्याला भोक पाडलं, चाचांकडून वरच्या अंगाला तोटी जोडून घेतली, पाइप सरळ उतरता बसवला. मूळचं चेंबर धुऊन, तेलाचा हात फिरवून, द्राक्षाच्या एका रिकाम्या क्रेटमध्ये ठेवलं. मग मूळ मॅनिफोल्डही तिथेच गेला, मूळ इंजेक्टर, मूळ प्लग, एअर फिल्टरचा डबा, प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत. धूर पुन्हा कधी आला नाही.

विजेच्या भागाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी माझ्या एका तरुण सहकाऱ्यावर विसंबलो. पालिओचा कॉम्प्युटर हवेच्या दाबावरून पेट्रोल ठरवतो, आणि तो दाब मोजणारा सेन्सर बाहेरच्या हवेएवढ्या दाबापर्यंतच शहाणा असतो. त्याच्या वर त्याला सगळं सारखंच. कॉम्प्युटर बदलावा तर किल्लीशी बांधलेली फियाटची चोरीविरोधी यंत्रणा आडवी येते. म्हणून मधे पिगीबॅक नावाचा एक जोड-कॉम्प्युटर बसवला, मोठा दाब ओळखणारा वेगळा सेन्सर दिला, जादा पेट्रोल आणि मागे घेतलेलं टाइमिंग त्याच्या हाती सोपवलं. जोरात असताना हवा-पेट्रोल १२ला १ च्या खाली. प्लग एक नंबर थंड, गॅप ०.७ मिली. आणि पुढच्या जाळीमागे इंटरकूलर, कारण हवा दाबली की तापते. पस्तीस अंशांची हवा सहा पौंड दाबली की ऐंशीच्या वर जाते, आणि तापलेली हवा म्हणजे नॉकला, पेट्रोल अवेळी भडकायला, आमंत्रण.

जानेवारीत आम्ही गाडी टेम्पोवर घालून दिंडोरीला नेली. बागेच्या आवारात त्यांचा स्वतःचा लांब, चढाचा रस्ता आहे. पहाटेची थंडी, द्राक्षांच्या पानांवर दव. पहिल्या फेऱ्या अर्ध्या पायावर. दाबाचा काटा तीन, चार, पाच. मग भाच्याने तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण खाली नेला. काटा सहावर आला, आणि थांबला नाही. सात. आठ. नऊच्या पुढे जाताना मी ओरडलो. त्याच क्षणी इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. एक सेकंद, फार तर दीड.

गाडी तिथेच बंद केली. प्लग काढले. तीन स्वच्छ. चौथ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीएवढे चमकते ठिपके. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. भाच्याने विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. तो काही बोलला नाही, आत्याला फोन लावायला बाजूला गेला. मी त्या प्लगकडे बघत बांधावर बसून राहिलो. बावीस वर्षं मायक्रॉन मोजलेल्या माणसाच्या हातून हे झालं होतं.

संध्याकाळी गॅरेजला कॉम्प्रेशन घेतलं: चारही सिलिंडर १७५ ते १८० पौंड, जसे आधी होते. इंजिन वाचलं होतं. पण काटा का चढला? वेस्टगेटचा ॲक्च्युएटर ठीक, स्प्रिंग ठीक, झडप पूर्ण उघडत होती. दोन दिवसांनी उलगडलं. जोर मोकळा व्हावा म्हणून मी अडीच इंची सायलेन्सर पाइप घातला होता. टर्बोनंतरची वाट मोकळी झाली की चाकातून धूर अधिक वाहतो, आणि जादा धूर वळवून देणारं वेस्टगेटचं भोक लहान पडतं. झडप उघडी असूनही दाब चढतच राहतो. त्यात पहाटेची थंड, दाट हवा. जे मी इंजिनाला सुख म्हणून दिलं तेच त्याच्या मुळावर आलं. भोक घासून मोठं केलं, त्याचे काठ मऊ केले, झडपेला थोडी मोठी चकती दिली. आणि पिगीबॅकमध्ये एक कुलूप घातलं: साडेसातच्या वर काटा गेला की पेट्रोल बंद. हे कुलूप पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

त्यानंतर काटा सहावर येतो आणि तिथेच राहतो.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे, त्याने मला पुन्हा बेंचकडे नेलं. इथेनॉलला हवा कमी लागते; साध्या पेट्रोलचं प्रमाण १४.७ला १, या मिश्रणाचं साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. २००२च्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून टाकीपासून पुढच्या सगळ्या नळ्या बदलल्या. पण नॉक टाळायला ते उपकारकच. ऑक्टेन वाढतो, आणि इथेनॉल उडताना हवा थंड करतं. आपल्याच साखर कारखान्यांच्या उसाने त्या चौथ्या पिस्टनला थोडा आधार दिला, असं मी भाच्याला म्हटलं तेव्हा त्याच्या वडिलांनी मान डोलावली. त्यांच्या एका शेतात ऊसच आहे.

गाडी कशी चालते, हे आत्याबाईंनी सांगितलं तसंच सांगतो. मार्चमध्ये त्या बागेवर आल्या आणि म्हणाल्या, "मी चालवणार." गुडघ्याचं मी विचारलं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये त्या चढाला लागल्या. त्या चढावर पूर्वी दुसरा घ्यावा लागायचा; त्यांचा डावा हात सवयीने गिअरवर गेला, आणि तिथेच थांबला. धक्का नाही, शिटीचा आवाज जेमतेम. वर पोचल्यावर इंजिन बंद न करता दोन मिनिटं तसंच चालू ठेवलं, टर्बोचं बेअरिंग थंड व्हायला; हे मी कुणालाही शिकवलं नव्हतं, त्यांनी वाचून घेतलं होतं. मग म्हणाल्या, "हीच गाडी आहे. फक्त आता दमत नाही."

भाच्याने त्याच दिवशी आठ पौंडांचं विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत बाईंनी विचारलं, "त्या प्लगवरचे ठिपके ठेवलेत ना?" ठेवलेत. काचेच्या बाटलीत, माझ्या खणात.

क्रेट अजून माझ्याकडे आहे, चेंबरवर दर सहा महिन्यांनी तेलाचा हात फिरवतो. परवाच्या दसऱ्याला बेंचची, पान्यांची, वेल्डिंग मशीनची पूजा झाली, तेव्हा झेंडूची एक माळ उरली. ती मी क्रेटवर घातली.